उंदीर ओकत नाही

तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. एवढंच झालं. शरच्चंद्र फुलक्याची ताटली घेऊन खोलीत आला होता, सवयीने काहीतरी गुणगुणत. सीमंतिनी पलंगावर उशीला टेकून खिडकीबाहेरच्या किल्ल्याकडे बघत होती. तिने वळून पाहिलं आणि तिचा खालचा जबडा उतरला, ओठांचे कोपरे मागे ओढले गेले, खालच्या दातांची ओळ दिसली, आणि पापणी लवायच्या आत सगळं पुन्हा जागच्या जागी. ती हसलीसुद्धा. "ठेवा तिथे, खाते मग," म्हणाली. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, जांभई आली असेल. पण ताटली तिपाईवर ठेवताना शरच्चंद्राचं गुणगुणणं थांबलं. ही हालचाल त्याने उभा जन्म पाहिली होती. पारदर्शक तळाच्या पेटीत उंदीर सोडायचा, खाली तिरपा आरसा लावायचा, आरशात त्याचं तोंड दिसतं, आणि त्या तोंडाकडे बघत बसायचं. जबडा खाली, कोपरे मागे, दात उघडे, असा तो एक छोटासा त्रिकोण. परदेशी मासिकांत त्याला एक नाव होतं. त्याच्या प्रयोगशाळेत सगळे नुसतं 'आ' म्हणत. सर, याने आ केला. सर, हा नाही करत. आज, माघातल्या उन्हात, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या घरी, आपल्या बायकोने आपल्याला बघून आ केला.

उंदीर ओकत नाही. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना औषधशास्त्राचा पहिला तास तो याच वाक्याने देई, आणि मागच्या बाकावरचं कुणीतरी हमखास खुदकन हसे. मग तो सांगे की त्याच्या शरीरात ती सोयच नाही. पोटात गेलेलं विष बाहेर टाकता येत नाही, म्हणून तर उंदराला विषाने मारता येतं. पण बाहेर टाकता येत नाही म्हणून आत काही होत नाही असं नाही. मळमळ त्यालाही होते. ती ओळखायची कशी? त्याला गोड पाणी द्या. गोड त्याला आवडतं, तो चाटून चाटून पितो. लगेच लिथियमच्या एका क्षाराची सुई द्या, ज्याने पोट ढवळतं. दोनतीनदा असं झालं की मग सुई देऊ नका, नुसतं गोड पाणी जिभेवर सोडा. तो आ करील. ज्याला सांगता येत नाही, तो असा सांगतो. मुलं मान हलवत. गरिमा नावाच्या एका मुलीने एकदा विचारलं होतं, "सर, मतलब उसे मीठे से नफ़रत हो गई?" तो म्हणाला होता, नफ़रत नाही. नफ़रत मनाने करावी लागते. हे मनाच्या खाली होतं.

मनाच्या खाली. तो स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभा राहिला. गॅसवर मंजिरीचा चहा उकळत होता. ती इंदूरहून रजा टाकून आईसाठी आली होती. "बाबा, एक गोष्ट सांगू? परेशान होऊ नका," ती चहा गाळताना म्हणाली. "आई उद्या जायला नाही म्हणतेय."

"केमोला?"

"हो. म्हणते, बस झालं. मी पूछ-पूछ के थकले, कारणच नाही सांगत."

"डॉक्टर काय म्हणाले ते तिला माहीत आहे ना? औषध लागू पडलंय. गाठ आटतेय. आत्ता मध्येच सोडलं तर..."

"मला नका सांगू बाबा. तिला सांगा. तुम्ही म्हटलं तर ऐकेल."

तुम्ही म्हटलं तर. त्याने चहाचा कप घेतला आणि प्यायला विसरला. औषध लागू पडलंय हे वाक्य तो गेले काही आठवडे जपमाळेसारखं ओढत होता. आता त्या माळेत दुसरा एक मणी शिरला होता आणि तो बोटाला टोचत होता. ती का जात नाही ते त्याला कळत होतं. कळत होतं हेच सहन होत नव्हतं, कारण ते दुसऱ्या कुणालाही कळलं नसतं, अख्ख्या ग्वाल्हेरीत नाही. कळायला आयुष्यभर उंदरांच्या तोंडात बघत बसावं लागतं.

आणि बसायला तरी तो कसा लागला? तरुणपणी वॉर्डात ड्यूटी असताना शेजारच्या मुरार छावणीतले एक म्हातारे फौजी बळवंतराव तिथे केमो घेत होते. केमोची औषधं तेव्हा आजच्याहून रानटी. आजूबाजूचे रोगी तसराळं पोटाशी धरून पडलेले, आणि बळवंतराव सुनेने आणलेली पुरी-भाजी खात बसलेले. "डॉक्टर, आम्ही शंकराची बुटी घेऊन येतो," डोळा मारून म्हणाले. बुटी म्हणजे भांग. वॉर्ड हसला, तरुण शरच्चंद्र हसला नाही, तो त्या पुरीकडे बघत राहिला. तिथून सगळं सुरू झालं. भांगेच्या झाडातली कॅनाबिनॉइड नावाची द्रव्यं मळमळीवर काय करतात, हा त्याचा विषय झाला, आणि भांगवाले सर हे त्याचं नाव. होळीला पोरं विचारायची, "सर, प्रसाद मिलेगा?" शुद्ध द्रव्य चिमूटभर मागवायचं तर परवानगीचे कागद दिल्लीला जाऊन पिवळे होऊन परत यायचे. तरी त्याने दाखवलं, की उलटी थांबवायच्या गोळीने माणसाची उलटी थांबते पण उंदराचा आ थांबत नाही. भांगेतल्या द्रव्याने आ थांबतो. दूरदेशीच्या कुणी कुणी त्याचं नाव तळटीपेत घेतलं. उलटी आणि मळमळ या दोन बहिणी, एक घराबाहेर येऊन रडते, दुसरी उंबऱ्याच्या आत, असं त्याने एका परिषदेत मोडक्या इंग्रजीत सांगितलं होतं आणि टाळ्या पडल्या होत्या. सीमंतिनीने साडीचं कपाट आवरता आवरता ते ऐकून घेतलं आणि म्हणाली होती, "बहिणी कशाला, सासू-सून म्हणा."

तिच्यावर ही पाळी आली तेव्हा त्याला आत कुठेतरी, लाज वाटावी असा, दिलासा वाटला होता, की निदान ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. उलट्या झाल्याच नाहीत. नव्या गोळ्या चांगल्या आहेत. पण उंबऱ्याच्या आतली बहीण कुणाच्या गोळीला बधली नाही. केमोच्या आदल्या दिवशीच सीमंतिनीचा रंग उतरायचा. तिच्या डॉक्टरांनी हात जोडले, "सर, भांग का तो आप मुझसे ज़्यादा जानते हैं, पर लिख के मैं कैसे दूँ?" मग त्याने, औषधशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने, नया बाजारातल्या सरकारी भांगेच्या दुकानापुढे रांग लावली. मागच्याने ओळखलं नाही. पुढच्याने ओळखलं आणि जागा दिली. घरी बदाम-बडीशेप वाटून दुधात हिशेबाने गोळी घातली. सीमंतिनी पेल्यात बघून म्हणाली, "जन्मभर उंदरांना पाजलंत. आता माझी पाळी का?" पण प्यायली. त्या संध्याकाळी ती जेवली, आणि थोरल्या नणंदेच्या, शालूताईंच्या, चालण्याची नक्कल करून दाखवली, आणि मंजिरी हसून हसून भिंतीला टेकली. पुढच्या खेपेला तिची छाती धडधडू लागली, भिंती जवळ येतात म्हणाली, घामाने भिजली. दुकानातल्या गोळीत काय किती असतं हे तिथे कुणालाच माहीत नसतं. तो तर आयुष्यभर चिमटीने तोललेलं वापरत आलेला. तिसऱ्यांदा त्याने पेला पुढे केला तेव्हा तिने नुसता वास घेऊन मान फिरवली. तेव्हा वाटलं, भांगेचा वास नको झाला असेल. आता वाटत होतं, पेला धरणारा हात.

दौलतसिंह आठवला. भिंडकडचा, मिशीवाला, प्राणिघराचा रखवालदार. उंदरांना दाणापाणी तो घाली, सुई शरच्चंद्र किंवा विद्यार्थी देत. हा शरच्चंद्राचा कडक नियम होता, प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगितलेला, की सुईचा हात वेगळा आणि दाण्याचा हात वेगळा. एकाच हाताने दोन्ही दिलंत तर उंदीर हाताला धरून शिकेल, चवीला धरून नाही, आणि प्रयोग नासेल. दौलतसिंहाला तो नियम फार आवडे. "साहब, सुई आप लगाओ, बदनामी आपकी। हम तो अन्नदाता ठहरे।" आणि खरंच, दौलतसिंह दारात आला की पांढरी नाकं जाळीला येत, शरच्चंद्राची चाहूल लागली की सगळे मागच्या कोपऱ्यात, एकमेकांवर चढून, ढीग. त्या ढिगाचा त्याला अभिमान होता. नियम नीट पाळला जातोय याचा तो पुरावा होता. त्यांना काय वाटत असेल हे मोजायला तो पगार घेत होता, आणि आपल्याला त्याचं काही वाटावं हे त्याला सुचलं नव्हतं.

घरी मात्र हा नियम त्याने पहिल्याच दिवशी मोडला, आणि मोडताना आनंदाने मोडला. दिवाळीनंतरचे दिवस, डे-केअरच्या हॉलमध्ये ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशी सलाईनचा खांब. नर्स सुई घेऊन आली तशी सीमंतिनीने त्याचा मनगटाजवळ हात धरला, आणि त्याला काय झालं कोण जाणे, त्याने खिशातून गजकचा पुडा काढला. थंडीत ग्वाल्हेरला कुणाच्या खिशात गजक नसते? तीळ-गुळाचा तो खुसखुशीत तुकडा त्याने तिच्या तोंडात घातला. आई असंच करायची. लहानपणी बाभळीचा काटा पायात मोडायचा, आई त्याला मांडीवर घ्यायची, आधी तोंडात गुळाचा खडा, मग सुई. आणि सुई चालू असताना जात्यावरची एक ओवी, जातं केव्हाच गेलेलं, ओवी उरलेली. खुर्चीजवळ बसून त्याने तीच म्हटली, हळू, शेजारच्या रोग्याला ऐकू जाऊ नये इतपत. त्याला गाता येत नाही. तरी सीमंतिनीने डोळे मिटले आणि म्हणाली, अजून.

घास भरवीतो हात, तोच हात काढी काटा
माझ्या गं राजसाच्या, पायी अवघड वाटा

थेंब पडत राहिले. मग प्रत्येक खेपेला गजक, मग सुई, मग ओवी. तो त्यांचा दोघांचा कुळाचार झाला. नर्ससुद्धा विचारायची, "अंकलजी, आज गाना नहीं?" आणि ज्याने शेकडो मुलांना शिकवलं की चव आणि मळमळ एका वेळी आली की गाठ बसते, ती गाठ देवालाही सुटत नाही, तो माणूस दर खेपेला आपल्या हाताने ती गाठ आवळत बसला होता, वर गात होता. आईच्या गुळाला काही झालं नाही, कारण काटा दुखतो. दुखणं चवीला चिकटत नाही. हेही त्याला माहीत होतं. दुखवलेल्या हातातून उंदीरसुद्धा दुसऱ्या दिवशी गोड चाटतो. मळमळ तेवढी चिकटते. ओवी खोटी नव्हती, ती काट्याबद्दल होती. आईला केमो ठाऊक नव्हतं.

पण अजून पुरावा नव्हता, असं त्याने स्वतःला सांगितलं. ओट्यावरचा कप तसाच ठेवून तो न्हाणीत गेला, हात कोपरापर्यंत धुतले, सदरा बदलला. संध्याकाळी मंजिरीला म्हणाला, तू ताटली घेऊन जा, मी इथे आहे. आणि दाराआड उभा राहिला. तिथून पलंग दिसत नव्हता, पण ड्रेसिंग टेबलाचा आरसा थोडा तिरपा होता, त्यात सीमंतिनीचं तोंड दिसत होतं. मंजिरीने घास केला. "आई, बघ, लौकीची भाजी आहे, तुला बेकार लागेल, पण खा." सीमंतिनीने खाल्ला. दुसरा खाल्ला. दोघी शालूताईंच्या नव्या फोनबद्दल बोलत होत्या. ती चावत होती, गिळत होती, बोटाने पदराचं टोक पिरगाळत होती. तिच्या तोंडावर उतारवयातल्या बाईचं साधं, थोडं कंटाळलेलं जेवण होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने काही न म्हणता, न गुणगुणता, एक पाऊल आत टाकलं. फक्त चपलेचा आवाज झाला. आरशात त्रिकोण उमटला.

मग आरशातले डोळे त्याच्या डोळ्यांना भिडले.

"उंदीर बघताय का?" सीमंतिनी म्हणाली.

मंजिरी दोघांकडे बघून ताटली उचलून निघून गेली. तो दाराच्या चौकटीतच राहिला. पुढे जावं की मागे, हे त्याला ठरवता येईना.

"कधीपासून?"

"मोजू नका आता. तुम्हाला सगळं मोजायचं असतं." तिने पदराने ओठ टिपले. "जिन्यावर चप्पल वाजली तरी होतं. आधी फक्त गजकच्या वासाने व्हायचं. नया बाजारातून रिक्शा गेली की नाक धरायची मी. मग तुमच्या गाण्यानं. मग तुमच्या... तुमच्यानंच."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? नवऱ्याला बघून ओकारी येते, म्हणू? ते तर बायका नेहमीच म्हणतात. कुणी खरं मानलं असतं?" ती हसायला गेली आणि मध्येच थांबली. "अहो, मला राग नाही हो तुमचा. आतून काही नाही. तुम्ही बाहेर गेलात की मी वाट बघते. आलात की हे."

"माहीत आहे. ते मनाच्या खाली असतं."

"तुम्हाला माहीत असणारच."

यात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी भोंगा लावून मटार विकत होता. तिचे केस गेलेल्या डोक्यावर मंजिरीने विणलेली टोपी होती, आणि तिच्याखाली तिचे डोळे लग्नातल्या फोटोपेक्षा मोठे दिसत होते.

"म्हणून उद्या नाही म्हणतेस," तो म्हणाला.

"दर खेपेला वाढतंय. अजून दोनचार झाले की मला तुमच्याकडे बघताच यायचं नाही. मग बरी होऊन बघायचं कुणाकडे? किल्ल्याकडे?"

"मी येत नाही उद्या. मंजिरी नेईल. मी तिथे नसलो की..."

"तुम्ही नसलात तर मी त्या खुर्चीत बसणार नाही. हे पण सांगून ठेवते." ती हळूच, हट्टी मुलीसारखं म्हणाली. "सुई टोचताना कुणाचा हात धरू? पोरीचा? तिच्यासमोर मला रडता येत नाही."

तो दाराशीच जमिनीवर बसला. विद्वत्ता म्हणजे काय, तर हा पेच त्याला सगळ्या बाजूंनी दिसत होता. गेलो तर गाठ आवळते, न गेलो तर ती जात नाही, ती न गेली तर गाठ आटायची थांबते. दोन गाठींपैकी एक सुटावी म्हणून दुसरी आवळायची. प्रयोगशाळेत यावर एकच उपाय होता. सुई थांबवायची आणि गोड पाणी देत राहायचं, रोज, नुसतं गोड पाणी, सुईशिवाय. हळूहळू आ कमी होतो. उंदीर जुनं विसरत नाही, जुन्यावर नवं शिकतो. पण सुई थांबल्याशिवाय हे सुरू होत नाही. आणि सुई थांबवायची नाही, हेच तर मागणं.

"ऐक," तो म्हणाला. "मी उद्या येतो. यापुढेही प्रत्येक खेपेला येतो. पण घरी येत नाही. शालूताईकडे मुरारला राहतो. हे सगळं संपेपर्यंत. इथे माझी चप्पल नको, कपडे नकोत, आवाज नको. घास मंजिरीच्या हातचा. मी फक्त सुईचा हात होतो."

"आणि मग?"

"मग दुरून परत सुरू करू. आधी फूलबागेत, तू एका बाकावर, मी पलीकडच्या. रोज थोडं जवळ."

"लग्नाआधी तेवढंही नव्हतं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "उंदीर परत शिकतात?"

"शिकतात."

"सगळे?"

त्याने पायातल्या चपला काढून दाराबाहेर सारल्या. तिने ते पाहिलं. तिने दिवा मालवायला सांगितलं, तिला त्याच्याकडे तोंड करून झोपायचं होतं आणि अंधारात ते जमेल असं तिला वाटत होतं.

सकाळी ई-रिक्शात मंजिरी आणि सीमंतिनी मागे बसल्या, तो ड्रायव्हरशेजारी, पाठमोरा, पायाशी कपड्यांची पिशवी. मंजिरीने मुद्दाम नया बाजार टाळून फूलबागेवरून न्यायला सांगितलं. तरी कुठूनतरी गजक कुटल्याचा वास आलाच, थंडीत तो सगळ्या लष्करावर धुक्यासारखा असतो, आणि मागे पदर सरसरलेला त्याला ऐकू आला. त्याने वळून पाहिलं नाही. शालूताईंना पहाटे फोन केला होता. त्या म्हणाल्या होत्या, "ये रे बाबा. भांडलात का या वयात?" तो हो म्हणाला होता. भांडण त्यांना कळलं असतं.

हॉलमध्ये तीच ओळ, तीच खिडकीजवळची खुर्ची. त्याने ठरवलं होतं की तिच्या मागे बसायचं, दिसायचं नाही, बोलायचं नाही, फक्त हात खुर्चीच्या दांडीवर ठेवायचा. सुई लागली. ती न वळता हाताने चाचपडली आणि तिला त्याचं बोट सापडलं. तिच्या खांद्यात एक शहारा गेला, मान किंचित पुढे झाली. तो तिचा चेहरा बघू शकत नव्हता, पण काळवंडलेल्या काचेत, बाहेरच्या गुलमोहराच्या नागड्या फांद्यांवर, तिचं तोंड पुसट दिसत होतं. आ. मग पुन्हा आ. तिने बोट सोडलं नाही. शेजारच्या खुर्चीतल्या बाईचा मुलगा फोनवर कुणाला तरी पार्किंगची जागा समजावत होता. थेंब पडत होते.

"म्हणा," सीमंतिनी म्हणाली.

"नको. वाढेल."

"वाढू दे. तुम्ही सुईचा हात ना? मग नीट व्हा."

"सीमंतिनी, त्या ओवीला मी परत आणू शकणार नाही. एकदा पक्कं झालं की..."

"म्हणा हो."

आयुष्यभर जे मोजलं त्याने तो आता भरला होता, गळ्यापर्यंत, आणि बाहेर टाकायची सोय नव्हती. त्याने खुर्ची ओढली, तिच्या पुढे येऊन बसला, तिला दिसेल असा, समोर. घास भरवीतो हात, तो म्हणाला, तोच हात, आणि पुढे आवाज निघेना. तिने त्याच्याकडे पाहिलं. तिचा जबडा खाली आला, कोपरे मागे ओढले गेले, खालचे दात दिसले. तो त्रिकोण त्याच्या ओळखीचा होता, त्यात कुठे काही फरक नव्हता. त्याने नजर काढली नाही. तोंड मात्र या वेळी मिटलं नाही. त्याच उघड्या तोंडातून, पोट ढवळत असताना, घोगरी, बेसूर, ती पुढची ओळ म्हणू लागली.